चाळीस किलो काच : लायगोचे आरसे आणि औंढा नागनाथ

लायगो या गुरुत्वीय लहरींच्या वेधशाळेच्या प्रत्येक भुजेत, दोन्ही टोकांना एकेक आरसा टांगलेला असतो. आरसा म्हणायचे ते कामावरून. दिसायला तो पारदर्शक सिलिका काचेचा दंडगोल आहे. त्याचा व्यास ३४ सेंटिमीटर, जाडी २० सेंटिमीटर आणि वजन ४० किलो. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ तालुक्यात उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पातही असेच आरसे बसायचे आहेत. गुरुत्वीय लहरींचा इतिहास सहसा आइन्स्टाइनची समीकरणे आणि कृष्णविवरांच्या टकरी यांच्या अंगाने सांगितला जातो. प्रत्यक्ष यंत्र बांधणाऱ्यांची हयात मात्र काच, लेप, तार, पोलाद आणि स्फटिक यांच्याशी झुंजण्यात गेली. लेझर जितका ताकदवान होत गेला तितके पदार्थांचे दोष उघडे पडत गेले, आणि प्रत्येक दोषावर तोडगा काढताना नव्या पदार्थाचा शोध घ्यावा लागला.

सुरुवात धातूपासून झाली. १९६०च्या दशकात मेरीलँड विद्यापीठातील जोसेफ वेबर यांनी अ‍ॅल्युमिनियमचे मोठे दंडगोल टांगून त्यांच्या कंपनांवर नजर ठेवली आणि १९६९ साली लहरी सापडल्याचा दावा केला. तो इतर कोणालाही पडताळता आला नाही. पण त्या वादाने अनेक तरुण भौतिकशास्त्रज्ञांना या विषयाकडे खेचले. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीमध्ये सापेक्षता शिकवणाऱ्या रायनर वाइस यांना वाटले की धातूचा दंडगोल वाजण्याची वाट पाहण्यापेक्षा दोन मुक्त वस्तूंमधले अंतर प्रकाशाने मोजावे. १९७२ साली त्यांनी संस्थेच्या अंतर्गत त्रैमासिक अहवालात या यंत्राचा आराखडा मांडला. लेझरचा झोत दोन काटकोनी भुजांमध्ये विभागायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही झोत एकमेकांत मिसळून फरक पाहायचा. त्या अहवालाचे खरे मोल आराखड्याइतकेच त्यातल्या शत्रूंच्या यादीत आहे. जमिनीचा हादरा, लेझरची चंचलता, प्रकाशाचा दाब, नळीत उरलेला वायू आणि आरशाच्या स्वतःच्या अणूंची थरथर, असे एकेक कारण घेऊन वाइस यांनी त्याचा हिशेब मांडला होता. पुढची चाळीस वर्षे ती यादी जवळजवळ जशीच्या तशी लढली गेली.

लहर किती सूक्ष्म असते याचा एक आकडा पुरे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिल्यांदा नोंदल्या गेलेल्या लहरीने चार किलोमीटरच्या भुजेच्या लांबीत घडवलेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या भागाइतका होता.

लेझर कोणता वापरायचा, हा पहिला प्रश्न होता. १६ मे १९६० रोजी थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला, त्याच वर्षाअखेरीस वायूचा लेझर आला आणि १९६२ मध्ये गॅलियम आर्सेनाइडसारख्या अर्धवाहकातून. भारतात हे तंत्र फार मागे राहिले नाही. १९६०च्या दशकाच्या मध्यात मुंबईजवळ तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेत, म्हणजे आजच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात, गॅलियम आर्सेनाइडचा लेझर तयार झाला होता. लायगोचे पूर्वज मात्र आर्गॉन वायूच्या हिरव्या लेझरवर चालत. कॅलिफोर्नियातील कॅलटेकमधल्या चाळीस मीटर भुजांच्या नमुना यंत्रातही तोच होता, ५१४ नॅनोमीटर तरंगलांबीचा. वीज भरमसाट खाणारा, पाण्याने सतत थंड ठेवावा लागणारा आणि त्या वाहत्या पाण्याने स्वतःच हादरणारा हा लेझर नमुना यंत्रापुरता ठीक होता.

पर्याय एका स्फटिकातून आला. यट्रियम अ‍ॅल्युमिनियम गार्नेट या स्फटिकात निओडिमियमचे थोडे अणू मिसळले की तो १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त लेझर देतो, हे बेल प्रयोगशाळेने १९६४ मध्येच दाखवले होते. १९८५ साली स्टॅनफर्डमध्ये थॉमस केन आणि रॉबर्ट बायर यांनी याच स्फटिकाच्या छोट्याशा तुकड्याला अशा कोनांत पैलू पाडले की प्रकाश त्याच्या आतच एका वलयात फिरत राहावा. वेगळे आरसे नाहीत, हलणारे भाग नाहीत, त्यामुळे वारंवारता कमालीची स्थिर. १९९४ मध्ये बॅरी बॅरिश यांनी लायगोची सूत्रे हाती घेतल्यावर हिरव्या आर्गॉनला निरोप देऊन हा स्फटिक स्वीकारला. वरवर पाहता दिवा बदलण्याइतका साधा वाटणारा हा निर्णय प्रकल्पाच्या इतिहासातला फार मोठा होता, कारण तरंगलांबी बदलली की काच, लेप, झोताचा आकार, आरशाचा व्यास, सगळेच गणित नव्याने मांडावे लागते. आजही लायगोच्या लेझरच्या मुळाशी अशाच वलयी स्फटिकातून निघणारा काही वॅटचा झोत असतो; पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढवला जातो.

पोलादाचीही गोष्ट लहान नाही. लायगोच्या अमेरिकेतील हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन या दोन ठिकाणी चार-चार किलोमीटरच्या भुजा, म्हणजे प्रत्येक ठिकाणी १.२ मीटर व्यासाची आठ किलोमीटर नळी. आत जवळजवळ काहीच हवा नको. पण पोलाद ओतताना त्यात विरघळलेला हायड्रोजन वर्षानुवर्षे झिरपत राहतो, आणि नळी कितीही उपसली तरी आतला दाब खाली येत नाही. मोठमोठे पंप शेकड्याने बसवणे हा एक मार्ग होता. त्याऐवजी स्टेनलेस पोलादाचे पत्रेच सुमारे साडेचारशे अंश सेल्सिअसला दीडेक दिवस भाजून काढले गेले, म्हणजे हायड्रोजन आधीच निघून गेला. मग पत्रे सर्पिल गुंडाळून सांधले. चार किलोमीटरवर पृथ्वीच्या वक्रतेने जमीन एक मीटरहून जास्त खाली जाते, तेवढा फरक काँक्रीटच्या पायात भरून काढावा लागला.

२००२ ते २०१० या काळात चाललेल्या पहिल्या लायगोमध्ये आरसे सुमारे अकरा किलोचे होते आणि पोलादी तारेच्या एकाच वळशावर टांगलेले होते. यंत्र ठरल्याप्रमाणे चालले, लहर मात्र एकही सापडली नाही. पुढच्या यंत्राला दहापट संवेदनशील व्हायचे होते, आणि तिथे वाइस यांच्या यादीतला सर्वात चिवट शत्रू समोर आला. तो म्हणजे उष्णतेची थरथर.

कोणत्याही पदार्थाचे अणू सामान्य तापमानाला अखंड हलत असतात. ही हालचाल थांबवता येत नाही. ती कुठल्या वारंवारतेवर गोळा व्हावी हे मात्र पदार्थाच्या निवडीने ठरवता येते. काशाच्या घंटेवर टोला दिला तर नाद बराच वेळ घुमतो, मडक्यावर दिला तर लगेच विरतो. घंटेसारखा पदार्थ आपली सगळी थरथर काही ठराविक स्वरांत साठवतो आणि बाकीच्या वारंवारतांवर शांत राहतो. मडक्यासारखा पदार्थ ती सगळीकडे पसरवून देतो. आत कुठेतरी घर्षणाने ऊर्जा हरवते म्हणून नाद विरतो, आणि ज्या वाटेने ऊर्जा हरवते त्याच वाटेने थरथर आत शिरते, असा भौतिकशास्त्राचा नियम आहे. तेव्हा लायगोला हवी होती शक्य तितकी नादमय वस्तू. शुद्ध सिलिका काच या कसोटीवर पोलादापेक्षा हजारो पट सरस ठरते.

म्हणून तारच काचेची करायची ठरली. ही परंपरा ग्लासगोची. लायगोच्या तीन जनकांपैकी एक असलेले रोनाल्ड ड्रेव्हर तिथलेच, आणि त्यांच्यामागे ग्लासगोच्या गटाने काचेच्या टांगणीचे तंत्र घडवले. कार्बन डायऑक्साइड लेझरच्या उष्णतेने सिलिकाची कांडी मऊ करून ती झपकन ओढली की साठ सेंटिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाड तंतू निघतो. चार तंतू मिळून ४० किलोचा आरसा पेलतात. तंतूंच्या टोकांची जाडी मात्र मुद्दाम दुप्पट ठेवलेली असते, आणि यामागचे कारण या सगळ्या कथेतले सर्वात सुंदर गणित म्हणावे लागेल. काच तापली की प्रसरण पावते. बहुतेक पदार्थ तापल्यावर नरम होतात, सिलिका उलट किंचित ताठ होते. ताणलेल्या तंतूत हे दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात, आणि एका विशिष्ट जाडीला एकमेकांना पूर्ण खोडतात. वाकण्याच्या जागी तीच जाडी ठेवली की तापमानातल्या चढउताराने तंतूत जी थरथर येते ती जवळपास नाहीशी होते. तंतू आरशाला जोडण्यासाठीही गोंद चालत नाही, तो मडक्याच्या जातीचा. आरशाच्या बाजूंना काचेचेच छोटे कान अल्कली द्रावणाच्या रासायनिक जोडाने चिकटवले जातात. ही पद्धत स्टॅनफर्डमध्ये ग्रॅव्हिटी प्रोब-बी या उपग्रहासाठी शोधली गेली होती. मग तंतू कानांना वितळवून जोडतात. वरपासून खालपर्यंत काच एकसंध होते.

एकसंध काचेचा धोका कळायला वेळ लागला नाही. इटलीत पिसाजवळच्या व्हर्गो वेधशाळेत असेच तंतू एकामागून एक तुटले. दोष काचेचा नव्हता. निर्वात पंपातून उडालेली धूळ तंतूंवर आदळत होती, आणि ताणलेल्या काचेच्या पृष्ठभागावर एक ओरखडाही पुरेसा असतो. धुळीचा बंदोबस्त होईपर्यंत व्हर्गोने पुन्हा पोलादी तारा लावून काम चालवले, आणि त्या तारांवरच ऑगस्ट २०१७ मध्ये लायगोबरोबर न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर नोंदली.

आरसा कशाचा करायचा यावर मात्र मोठा वाद झाला. काचेचा प्रतिस्पर्धी होता नीलमणी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. तो जास्त घन, जास्त नादमय आणि उष्णता कितीतरी वेगाने वाहून नेणारा. कागदावर बाजी त्याचीच होती. पण ४० किलोचा निर्दोष स्फटिक वाढवणे कठीण, त्यातून जाणारा प्रकाश थोडा जास्त शोषला जातो, आणि स्फटिकाच्या अक्षांमुळे प्रकाशाची दोन ध्रुवणे वेगवेगळ्या गतीने जाऊ लागतात. अनेक वर्षे दोन्ही पदार्थांवर समांतर काम झाले आणि २००५ च्या सुमारास कौल सिलिकाच्या बाजूने लागला. त्या निर्णयाची दुसरी बाजू पुढे जपानमध्ये दिसली. कामिओका खाणीतल्या काग्रा वेधशाळेने नीलमणी घेतला, कारण तिथले आरसे उणे अडीचशे अंशांपलीकडे थंड करायचे आहेत आणि त्या तापमानाला सिलिका आपली नादमयता गमावून बसते. नीलमण्याच्या दुहेरी अपवर्तनाची डोकेदुखी काग्राने भोगली, अजूनही भोगते आहे.

सिलिका ठरली तरी कोणतीही सिलिका चालत नाही. वाळू वितळवून केलेल्या काचेत धातूंचे अंश उरतात, म्हणून ही काच सिलिकॉन टेट्राक्लोराइडच्या वाफेपासून ज्वालेत घडवली जाते. ज्वालेत पाण्याची वाफ असते, तिचे हायड्रॉक्सिल गट काचेत अडकतात आणि अवरक्त प्रकाश शोषतात. तो दोष घालवण्यासाठी आधी सिलिकाची सच्छिद्र राख जमवून ती कोरडी करतात आणि मग भाजून पारदर्शक करतात. जर्मनीच्या हेरेयस कंपनीची अशी काच एका सेंटिमीटरला प्रकाशाच्या दशलक्षांशापेक्षाही कमी भाग शोषते. त्यानंतर घासणी. आरशाचा पृष्ठभाग सपाट वाटला तरी सुमारे दोन किलोमीटर त्रिज्येच्या गोलाचा तुकडा असतो. मध्य आणि कडा यांत जेमतेम सात मायक्रॉनचा उतार. हा उतार आयनांच्या झोताने कोरून नॅनोमीटरच्या अंशापर्यंत अचूक केला जातो.

इतके करूनही आरशाचा खरा गोंगाट काचेतून येणार नव्हता. १९९८ साली युरी लेव्हिन यांनी थरथरीचा हिशेब मांडण्याची नवी रीत दिली. आरशाच्या तोंडावर, जिथे लेझर पडतो तिथेच, काल्पनिक दाब द्यायचा आणि ऊर्जा कुठे हरवते ते पाहायचे. उत्तर अस्वस्थ करणारे होते. पृष्ठभागापासून दूरचा दोष फारसा जाणवत नाही, अगदी तोंडाशी असलेला मात्र फार महागात पडतो. आणि तोंडाशी होता लेप.

नुसती काच प्रकाश परतवत नाही. तिच्यावर जास्त आणि कमी अपवर्तनांकाच्या दोन ऑक्साइडांचे थर आळीपाळीने चढवले, प्रत्येक थराची जाडी तरंगलांबीच्या मापाने ठेवली, की सगळ्या थरांवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना बळ देतात. टोकाच्या आरशावर असे डझनावारी थर असतात आणि दहा लाखांपैकी जेमतेम पाच भाग प्रकाश पलीकडे जातो. थर टँटलम ऑक्साइड (टँटाला) आणि सिलिकाचे. सगळा लेप मिळून काही मायक्रॉन जाड, पण त्यातली टँटाला आतल्या घर्षणात खालच्या काचेपेक्षा दहा हजार पटींहूनही अधिक वाईट. ४० किलो निर्दोष काचेची किंमत तिच्यावरच्या काही ग्रॅम धुळीसारख्या थराने ठरावी, असा हा प्रकार होता.

२००२ नंतरच्या पाचेक वर्षांत ग्लासगो, स्टॅनफर्ड, सिरॅक्यूज, एमआयटी आणि फ्रान्समधील लियोंजवळची प्रगत पदार्थ प्रयोगशाळा यांनी चकत्यांवर लेप चढवून त्या वाजवून पाहण्याचा सपाटा लावला. दोष थरांच्या सांध्यांत नसून टँटालाच्या अंगात आहे, हे आधी सिद्ध झाले. मग टँटालामध्ये टायटॅनियम ऑक्साइड मिसळल्यावर घर्षण जवळपास निम्म्यावर आले. त्याबरोबर थरांच्या जाडीचाही फेरविचार झाला. पाठ्यपुस्तकात सगळे थर पाव तरंगलांबीचे असतात. लायगोसाठी टँटालाचे थर थोडे पातळ आणि सिलिकाचे तेवढेच जाड केले, म्हणजे परावर्तन तेच राहून वाईट पदार्थाचे प्रमाण घटले. लियोंच्या कक्षात, आयनांच्या झोताने पदार्थाचे कण उडवून, हे लेप चढवले गेले.

लेझरच्या वाटेवरच्या स्फटिकांनाही असेच अग्निदिव्य करावे लागले. परतून येणारा प्रकाश लेझरमध्ये शिरू नये म्हणून फॅरडे विलगक लागतो, त्यात टर्बियम गॅलियम गार्नेटचा स्फटिक असतो. शंभरेक वॅट प्रकाशात तो तापतो आणि भिंगासारखा वागू लागतो. रशियातील निझ्नी नोव्हगोरोद आणि अमेरिकेतील फ्लोरिडा इथल्या गटांनी त्यावर उतारा काढला. शेजारी ड्यूटेरियमयुक्त केडीपीचा (पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेटचा) स्फटिक ठेवायचा. तो तापल्यावर बरोबर उलटे भिंग बनतो. आरशांच्या बाबतीतही तेच. भुजांमध्ये शेकडो किलोवॅट प्रकाश साठला की लेपाने दशलक्षांशाचा अर्धा भाग शोषला तरी आरसा फुगतो, म्हणून त्याच्या कडेभोवती तापवणारे कडे बसवले आहे. काचेचे नादमय असणेही एकदा अंगाशी आले. २०१४ च्या अखेरीस लिव्हिंग्स्टनमध्ये भुजेतली शक्ती पन्नास किलोवॅटपर्यंत नेताच आरसा सुमारे १५ हजार हर्ट्झच्या स्वरात वाजू लागला. प्रकाशाचा दाब आणि काचेचा स्वर एकमेकांना खतपाणी घालत होते. मॉस्कोचे व्लादिमिर ब्रागिन्स्की यांनी २००१ मध्ये हे भाकीत करून ठेवले होते. अखेर नको असलेले स्वर शोषणारे छोटे शमक आरशांना चिकटवावे लागले.

भारताचा, आणि विशेषतः पुण्याचा, या कथेतला प्रवेश पदार्थांच्या दाराने झाला नाही. तो गणिताच्या दाराने झाला. १९८८ साली पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्राची स्थापना झाली आणि जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक झाले. तिथे संजीव धुरंधर यांनी गुरुत्वीय लहरींच्या संकेतविश्लेषणाचा गट उभा केला. बी. एस. सत्यप्रकाश यांच्यासह त्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध, एकमेकांभोवती फिरत जवळ येणाऱ्या ताऱ्यांचा संकेत गोंगाटातून कसा वेचावा, यावर होता. अपेक्षित संकेतांचे असंख्य साचे तयार ठेवायचे आणि येणाऱ्या नोंदीशी एकेक जुळवून पाहायचे. या जुळणीत प्रत्येक वारंवारतेला यंत्राच्या तिथल्या गोंगाटाच्या व्यस्त प्रमाणात वजन दिले जाते. पुण्यातले गणित आणि लियोंमधला लेप एकाच आलेखावर भेटतात ते इथे. पहिल्या लहरीचा संकेत ३५ ते २५० हर्ट्झच्या दरम्यान चढत गेला, आणि लेपाची थरथर सर्वाधिक नडते ती याच पट्ट्यात.

लेझरची बाजू सांभाळणारी संस्था मध्य भारतात होती. इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्राची कोनशिला फेब्रुवारी १९८४ मध्ये बसली, आणि भाभा केंद्राच्या लेझर विभागातून आलेले दिलीप भवाळकर तिचे पहिले संचालक झाले. पुढे २००५ मध्ये तिला अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा यांचे नाव मिळाले. इथे लेझरबरोबरच केडीपीसारखे स्फटिक वाढवण्याचे काम चालते, आणि ही तयारी नसती तर लायगो-इंडियाचा प्रस्ताव कोणी गांभीर्याने घेतला असता का, याची शंकाच आहे.

२००९ मध्ये इंडिगो हा भारतीय शास्त्रज्ञांचा संघ स्थापन झाला. त्या वेळी लायगोकडे हॅनफर्डसाठी ठरवलेला एक जादा यंत्रसंच होता. एकाच जागी दोन यंत्रे ठेवण्यापेक्षा तिसरे दूर कुठेतरी नेले तर लहर आकाशाच्या कुठल्या भागातून आली हे कितीतरी अचूक कळेल, असा विचार पुढे आला. आधी ऑस्ट्रेलियाला विचारणा झाली, तिथे पैशाची तजवीज झाली नाही. मग भारताचे नाव पक्के झाले आणि ऑगस्ट २०१२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने संच भारताला देण्यास मान्यता दिली. वाटणी साधारण अशी: यंत्राचे भाग अमेरिकेचे, जागा, इमारती, निर्वात नळ्या, संगणक आणि माणसे भारताची. पुण्याची आयुका, इंदूरचे केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाचे मुंबईतले बांधकाम संचालनालय या चार संस्थांनी भार उचलला.

११ फेब्रुवारी २०१६ रोजी पहिल्या लहरीची घोषणा झाली. सहा दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मंजुरी दिली. वर्षानुवर्षे रखडलेली फाइल आठवड्यात हलली, यात विज्ञानाइतकाच मुहूर्ताचाही वाटा होता. त्यानंतर मात्र गती पुन्हा मंदावली. अंतिम मंजुरी, सुमारे २,६०० कोटी रुपयांची, यायला ६ एप्रिल २०२३ उजाडले. ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली.

जागा निवडताना अनेक ठिकाणे तपासली गेली. सपाट, मोठ्या शहरापासून आणि समुद्रापासून लांब, रेल्वे आणि अवजड वाहतूक बेताची, आणि तरीही रस्ता, वीज, पाणी हाताशी असलेली जमीन हवी होती. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील औंढ्याची निवड झाली. हा जिल्हा १९९९ मध्ये परभणीतून वेगळा झालेला. नरसी हे संत नामदेवांचे गाव आणि नागनाथाचे देऊळ यांच्यामुळे त्याचे नाव महाराष्ट्रभर ठाऊक. खाली दख्खनचा बेसाल्ट आहे. मराठवाड्यात भूकंप म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ चे किल्लारी आठवते, आणि मार्च व जुलै २०२४ मध्ये हिंगोली परिसरातच ४.५ तीव्रतेचे धक्के बसले. तरीही अशा यंत्राला रोज छळणारा शत्रू भूकंप नसतो. तो कधीमधी येतो, यंत्र काही काळ विस्कटते, पुन्हा जुळवले जाते. रोजचा त्रास असतो मालगाड्या, ट्रक, खाणींतले सुरुंग आणि वारा यांचा. औंढ्याच्या बाजूने कौल पडला तो या रोजच्या शांततेमुळे.

दिरंगाईचा एक परिणाम असा झाला की भारतासाठी बांधून ठेवलेला संच गोदामात असतानाच त्याचे तंत्र जुने होऊ लागले. हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टनमधल्या यंत्रांत २०१९ पासून ‘पिळलेला’ प्रकाश सोडला जाऊ लागला. पोटॅशियम टायटॅनिल फॉस्फेटच्या स्फटिकातून घडवलेला हा प्रकाश पुंजभौतिकीतली अनिश्चितता नको तिथून काढून चालेल तिथे ढकलतो. २०२३ पासून त्याला तीनशे मीटर लांबीची प्रकाशीय चाळणी जोडली गेली. भुजांमधली शक्ती वाढवत नेली, तेव्हा लेपांतले सूक्ष्म काळे ठिपके जळजळीत बिंदू बनून त्रास देऊ लागले आणि काही आरसे बदलावे लागले. औंढ्याचे यंत्र आता या सुधारित आवृत्तीनुसार, ‘ए-प्लस’ नावाच्या आराखड्याप्रमाणे, उभारायचे आहे.

ए-प्लसचा सर्वात अवघड भाग पुन्हा लेपच आहे. त्याची थरथर निम्मी करायची आहे. अस्फटिक ऑक्साइडांत घर्षण का होते, याचे उत्तर अणूंच्या शेजाराशी जोडलेले असते. ज्या पदार्थात अणूंचे बहुफलकी गट फक्त कोपऱ्यांनी जोडलेले असतात तो शांत; ज्यात कडांनी जोडलेले असतात तो गोंगाटी. सिलिका पहिल्या जातीची, टँटाला दुसऱ्या. सिलिकाचाच भाऊबंद असलेला जर्मेनियम ऑक्साइडही पहिल्या जातीचा, पण त्याचा अपवर्तनांक कमी. त्यात टायटॅनियम ऑक्साइड मिसळून अपवर्तनांक वाढवता येतो आणि घर्षणही कमीच राहते, असे २०२१ मध्ये गॅब्रिएले व्हायेंते आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. किंमत अशी की हा अपवर्तनांक टँटालापेक्षा कमीच असल्याने थर जास्त लागतात. लेप सहाशे अंशांच्या आसपास दीर्घकाळ भाजावा लागतो, आणि तसे करताना जाड लेपात अडकलेला वायू फोड उठवतो. छोट्या चकतीवर साधलेले ३४ सेंटिमीटरच्या आरशावर साधणे हे वेगळेच काम आहे.

याच्या पुढचा आराखडा अमेरिकेत ‘व्हॉयेजर’ नावाने मांडला गेला आहे. त्यात काचेऐवजी उणे दीडशे अंशांवर ठेवलेला सिलिकॉन आणि दोन मायक्रॉनच्या आसपासचा लेझर लागतो, कारण १०६४ नॅनोमीटरला सिलिकॉन अपारदर्शक असतो. औंढ्याचे यंत्र मात्र खोलीच्या तापमानालाच आणि त्याच अवरक्त लेझरवर चालवायचे ठरले आहे. त्यामुळे मंजुरीच्या वेळी धरलेल्या अंदाजाप्रमाणे २०३० च्या सुमारास तिथल्या नळ्या निर्वात झाल्या, तरी त्यांच्या टोकांना टांगलेली असेल ती सिलिकाच, चाळीस-चाळीस किलोची, चार-चार काचतंतूंवर.